रिकामी तारीख

माझी आत्या यंत्रांसाठी सूचना लिहिते. माणसांसाठी लिहिलेल्या सूचना कुणी वाचत नाही. यंत्रं वाचतात, अक्षर न अक्षर, आणि आत्याला धास्ती असते ती त्याचीच.

एका मोठ्या इस्पितळाच्या डेटाबेसमधून जुन्या नोंदी पुसायचं एक टूल आहे. आजवर ते तिथले एक म्हातारे ऑपरेटर चालवायचे. ते निवृत्त झाले, आता सोमवारपासून त्यांच्या जागी एआय एजंट. टूल नेमकं काय करतं हे त्या एजंटला कळेल असं लिहायचं काम आत्याकडे आलं.

तिची तपासायची एक रीत आहे. टिपण झालं की ती आतोबांना टेबलाशी बसवते. आतोबा शिंपी, खडूच्या रेघेबाहेर कात्री न नेणारे. समोर खोट्या नोंदींच्या चिठ्ठ्या, हातात टिपण.

"अहो, लिहिलंय तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय," आतोबा म्हणाले.

पहिलं टिपण एका ओळीचं होतं: दहा वर्षांपेक्षा जुन्या नोंदी कायमच्या पुसते. आतोबा एकेक चिठ्ठी चुरगाळून डब्यात टाकू लागले. मग अडले. "हिच्यावर तारीखच नाही. हिचं काय करू?"

आत्याने म्हाताऱ्या ऑपरेटरना फोन लावला. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविरामासारखा खोकला येतो. "रिकामी तारीख म्हणजे टूलच्या लेखी सगळ्यात जुनी. खॅक. तीच आधी उडवतं. मी आधी नुसतं मोजायला लावायचो, आकडा फुगलेला दिसला की हात मागे. खॅक. कुठे लिहिलेलं नाही हो, सवयच."

आत्याचा चेहरा उतरला. रिकाम्या तारखा कुठून आल्या हे तिला माहीत होतं. फार पूर्वी इस्पितळाची रजिस्टरं संगणकात उतरवली, तेव्हा टाइप करणाऱ्या मुलींत तीही होती. रजिस्टरात पानाच्या डोक्यावर एकदाच तारीख, खाली नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या दोन रेघा. हुकूम होता, 'मनाने काही भरायचं नाही.' मुलींनी रेघा सोडून दिल्या, तारखेचा रकाना रिकामा राहिला. कागद पुढे लगद्यात गेले. आणि ती रजिस्टरं होती कुणाला कुठलं औषध अजिबात चालत नाही, त्याची. आतोबांचीही नोंद त्यातच आहे. एका इंजेक्शनने त्यांचा गळा सुजून श्वास बंद पडला होता.

आत्याने टिपण सहा ओळींचं केलं. रिकामी तारीख म्हणजे निकामी नोंद नव्हे, त्या नोंदींना हात लावू नये. आधी फक्त मोजावं. आकडा माणसाला दाखवून उत्तराची वाट पाहावी. पुसलेलं परत येत नाही, राखीव प्रतीही जातात. चालू काम कसं थांबवायचं, तेही लिहिलं. आतोबांनी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या आणि या खेपेला बिनतारखेच्या सगळ्या टेबलावरच राहिल्या.

टिपण साहेबांकडे गेलं. साहेबांना ऑफिसात 'थोडक्यात' म्हणतात. हा शब्द ते नाकातून काढतात, शेवटचा 'त' जिभेवर वाजवून.

"छान, मॅडम, छान. पण थोडक्यात, हं? एजंट हुशार आहे. एवढं वाचून उगाच बिचकेल."

"बिचकायलाच हवा, सर."

"बघतो, बघतो."

सोमवारी सकाळी आत्याने घरच्या संगणकावर टिपण उघडलं. एकच ओळ होती. पहिली.

तिने साहेबांना फोन लावला. "सर, बाकीच्या ओळी?"

"काढल्या! कसं सुटसुटीत झालं बघा. आणि एजंट सकाळीच सुरू केला, मॅडम. चौतीस टक्के झालंसुद्धा!"

आत्याच्या पडद्यावर एजंटचा निरोप आला: टिपणानुसार जुन्या नोंदी पुसत आहे. कोणतीही अडचण नाही.

"सर, थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"थांबवू? कसं?"

"ते शेवटच्या ओळीत होतं."

पलीकडे साहेब भराभर कळा बडवू लागले.

सुरू करणाऱ्यालाच थांबवता येतं. आत्या एकेक पायरी सांगत गेली. साहेबांचा पासवर्ड दोनदा चुकला. छत्तीस. एकेचाळीस. सत्तेचाळीसवर आकडा थांबला.

आत्याने शोधाच्या चौकटीत आतोबांचं नाव टाकलं. नोंद सापडली नाही. आडनाव आधी घालून पाहिलं. नोंद सापडली नाही.

आतोबा गळ्यात टेप अडकवून मागे येऊन उभे राहिले. "गेलो का मी?"

"गेलात."

ते हसले. आत्या हसली नाही. तिने कागदावर त्या इंजेक्शनचं नाव ठसठशीत लिहिलं आणि त्यांच्या खिशात कोंबलं.

"मॅडम," फोनवर साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला होता, "बिनतारखेच्या किती गेल्या?"

"तीन हजार आठशे सहा. त्यातले एक माझ्या घरात आहेत, त्यांना सांगितलं."

"मग बाकीच्यांनाही कळवू या ना. लगेच. कोण कोण आहेत ते?"

"नावं त्या नोंदींतच होती, सर."