चौघांचं कुटुंब आणि तीन अंगांची बोट

"मॅडम, कॅप्टननी माणसं किती सांगितली होती?" साठे साहेबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"चार."

"मग ही एवढी कोण?"

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर आमच्या नव्याकोऱ्या बोटीपुढे आठ माणसं उभी होती. कॅप्टन राजवाडे, त्यांच्या पत्नी विमलताई आणि दोन मुलं, हे ठरलेले चौघे. शिवाय विमलताईंच्या थोरल्या जाऊबाई, त्यांचे यजमान आणि वाशीच्या सोसायटीतलं शेजारचं जोडपं. शेजारी म्हणे नुसतं बघायला आले होते. त्यांच्या पायाशी चटई, स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि फडक्यात बांधलेला मोठा कुकर.

साठे साहेबांचा चेहरा पडला. मला मात्र आनंद लपवता येईना. त्या कुकरचीच तर मी वर्षभर वाट बघत होते!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तळोज्याला साठे साहेबांची फायबरग्लासची छोटी कंपनी होती, तिथे मी नोकरीला होते. केमिकल कारखान्यांसाठी टाक्या बनवायची. मी जहाजबांधणी शिकलेली, पण दिवसभर टाक्यांचीच ड्रॉइंग काढायचे. उभी टाकी, आडवी टाकी, झाकणाची टाकी. अशात कॅप्टन राजवाडे आले. बोटीवरची नोकरी संपली होती, आता घरच्यांना घेऊन खाडीत हिंडायची शिडाची बोट हवी होती. जीपमागे ट्रेलरला लावून सोसायटीच्या आवारात आणता येईल अशी. विमलताईंची अट एकच.

"बोट कलली की मी उतरणार. मधे पाणी असलं तरी उतरणार."

आता वाऱ्यानं कलणं हा शिडाच्या बोटीचा स्वभावच. म्हणून मी ट्रायमरन सुचवली. कोकणात होडीचा तोल राहावा म्हणून एका बाजूला उलांडीचा ओंडका बांधतात, तसं इथे दोन्ही बाजूंना. मधे मुख्य होडी आणि दोन्हीकडे आडव्या दांड्यांवर एकेक बारकी होडी. त्या बारक्यांना आम्ही फ्लोट म्हणायचो. फ्लोटमुळे बोट फारशी कलत नाही. पण एवढी रुंद बोट रस्त्यावरून नेणार कशी? तर दांड्यांना बिजागऱ्या. फ्लोट आत दुमडायचे आणि बोट ट्रेलरवर चढवायची.

साठे साहेबांनी एक बोट बनवायची परवानगी दिली. चाचणी झाल्यावर विमलताई हो म्हणाल्या तर बोटींचं खातं चालू राहणार. नाहीतर साचा मोडायचा आणि मी परत टाक्यांकडे.

भांडण झालं ते फ्लोटवरून. परदेशी मासिकांतल्या ट्रायमरनचे फ्लोट सडपातळ, माझे चांगले गुबगुबीत.

"मॅडम, बोटीला गालगुंड झालंय," साठे साहेब म्हणाले. "एवढे जाड कशाला? स्पीड जाईल."

"बारीक फ्लोटवर जास्त वजन पडलं तर ते पाण्यात नाक खुपसतात, सर."

"पण फॅमिली चारच माणसांची आहे ना?"

"सर, तुम्ही घरातून कधी चारच माणसं पिकनिकला निघालेली पाहिलीत?"

त्यांनी पाहिली नव्हती, पण ते कबूल करायला तयार नव्हते. मी फ्लोट जाडच ठेवले आणि लाइफ जॅकेटंही जास्तीची आणून ठेवली.

कॅप्टनचे मित्र देवधर आपली परदेशी बनावटीची बोट घेऊन मुद्दाम आले होते. त्यांच्या बोटीला तळाशी जड लोखंडी कणा होता. "राजवाडे, हे खेळणं घेऊ नकोस," असं ते आल्यापासून तिसऱ्यांदा सांगत होते. साठे साहेबांनी आमच्या बोटीतली गर्दी बघितली आणि ते देवधरांच्या बोटीत जाऊन बसले.

निघायला उशीर झाला. पाणी भरतीचं होतं तेव्हाच निघायचं ठरलं होतं. पण विमलताईंनी आणलेल्या नारळाला शेंडी नव्हती. बिनशेंडीचा नारळ चालणार नाही म्हणून जीप शेंडीच्या नारळासाठी बेलापूरला गेली. मग हळदकुंकू. मग नारळ बोटीच्या नाकावर फोडायचा म्हणताच साठे साहेब जवळजवळ ओरडले. "वहिनी, फायबरला तडा जाईल!" शेवटी नारळ ट्रेलरच्या लोखंडावर फुटला.

जेट्टीवर जाळं दुरुस्त करत बसलेला एक कोळी म्हणाला, "बाय, ही होडी हाय का बाजलं?"

"बघा तुम्हीच," मी म्हटलं.

वारा छान होता. आमची बोट भरलेली, तरी फ्लोट वर तरंगत राहिले. विमलताईंनी सुरुवातीला दोन्ही हातांनी दांडी धरली, मग एका हातानं, मग जाऊबाईंशी बोलताना सोडूनच दिली. देवधरांची बोट शेजारून कललेली चालली होती आणि साठे साहेब तिच्या वरच्या कडेला लटकले होते.

परतताना मात्र ओहोटीनं गाठलं. पाणी असं झपाट्यानं उतरलं की दोन्ही बोटी चिखलात टेकल्या. देवधरांची बोट कण्यावर आली, डगमगली आणि हळूहळू आडवी झाली. आमच्या बोटीला कणा नव्हता, ती आडवी सरकू नये म्हणून तळात नुसतं एक पातं होतं आणि ते आम्ही आधीच वर ओढून घेतलं होतं. आमची बोट तिन्ही अंगांवर पाटासारखी सपाट बसली.

विमलताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "आता हलणार नाही ना?"

"भरती येईपर्यंत नाही."

"मग स्टोव्ह लावते."

आणि भर खाडीत, चिखलाच्या मध्यावर, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मसालेभाताचा वास पलीकडे गेला. थोड्या वेळानं आडव्या बोटीतून दोन माणसं उतरली आणि गुडघाभर चिखल तुडवत आमच्याकडे आली. पुढे देवधर, मागे बूट हातात घेतलेले साठे साहेब.

"वहिनी, थोडा उरलाय का?" देवधरांनी विचारलं.

"पाय धुऊन या," विमलताई म्हणाल्या. "बोट माझी आहे."

कॅप्टननी माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. चाचणी संपली होती. साठे साहेब फ्लोटवर बसून पाय धुऊ लागले. त्यांच्या वजनानं फ्लोट चिखलात तसूभरही रुतला नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

भरतीबरोबर आम्ही आपसूक तरंगलो आणि जेट्टीला लागलो. तो साचा मोडला गेला नाही. त्यातून पुढे बऱ्याच बोटी निघाल्या आणि टाक्यांची ड्रॉइंग दुसरं कोणीतरी काढू लागलं. दुसऱ्या बोटीच्या वेळी साठे साहेबांनी स्वतःहून विचारलं, "मॅडम, कुकर ठेवायला जागा कुठे दाखवलीय?"

तेव्हापासून मी एक नियम पाळत आले. गिऱ्हाईक चार माणसं म्हणालं की बोट आठांची काढायची. चौघांचं कुटुंब रेशनकार्डावर असतं, जेट्टीवर कधी येत नाही.