ज्वलनाचा धडा

स्नेहलला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. शिक्षकभरतीची वाट बघता बघता तिशी उलटली आणि ती राजारामपुरीतल्या एका कार्यालयात कॉम्प्युटरपुढं बसून मुलांचे चेहरे बघू लागली. विज्ञानाच्या तासाला मुलांना कुठं समजतं, कुठं अडतं, हे चेहऱ्यावरून ओळखायला यंत्राला शिकवायचं होतं. त्यासाठी जिल्ह्यातल्या काही शाळांत कॅमेरे लावले होते. स्नेहलनं व्हिडिओ थांबवायचा आणि चेहऱ्याला नाव द्यायचं. समजलं, गोंधळ, कंटाळा, आश्चर्य. नावं एवढीच.

काम तिला आवडायचं. लोहचुंबकाला टाचण्या चिकटल्या की पोरांचे डोळे मोठे व्हायचे, ते बघून ती एकटीच हसायची.

एकदा गडहिंग्लजकडच्या शाळेतला ज्वलनाचा धडा आला. सरांनी काडेपेटी हातात घेतली मात्र, दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. काडी अजून पेटलीही नव्हती. स्नेहलनं ते पुन्हा पुन्हा बघितलं आणि साहेबांकडं, पृथ्वीराजकडं गेली.

"सर, ही मुलगी भ्यालीय. पण भीती असं नावच नाही आपल्याकडं."

"धडा समजतोय की नाही, एवढंच हवंय आपल्याला. गोंधळ लाव."

तिनं लावलं. पण जेवण जाईना. व्हिडिओतल्या मुलांना भेटायची सक्त मनाई होती, तरी रजा टाकून ती एस.टी.त बसली.

शाळेतले संग्राम सर भला माणूस. मुलीचं वर्णन ऐकून त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"मोना ती. दिवाळीत तिची आई जळून गेली हो. पोरगी घरातच हुती. माझ्या ध्यानातच न्हाय आलं बघा. धडा हाय म्हणून शिकवला."

"कुठंय ती?"

"त्या धड्यापासनं शाळंत आलीच न्हाय. बापानं मावशीकडं धाडली, गगनबावड्याला."

पुढच्या रविवारी स्नेहल तिथं पोचली. मावशी, तानाबाई, दारातच उभी राहिली. "कोण पावणं?"

"मोनाच्या शाळेकडनं आलेय."

आत मोना चुलीपुढं बसून लाकडं सारत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. स्नेहल शेजारी टेकली. शाळेची आठवण येते का, असं काहीबाही विचारत राहिली. मोना लाकडं सारतच राहिली. मग एकदम म्हणाली, "बाई, सर म्हणालं, मेणबत्तीवर गिलास पालथा घातला की हवा मिळत न्हाय, मग ती विझती. खरं हाय?"

"खरं आहे."

"मग आईवर वाकळ टाकली असती तर?"

पेटलेल्या माणसावर गोधडी टाकून आग विझवतात, हे स्नेहलला पक्कं ठाऊक होतं. तानाबाई दारातच थबकली होती.

"नाही गं," स्नेहल म्हणाली. "माणसाचं वेगळं असतं."

मोनानं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग मान वळवली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.