परातीएवढं आभाळ

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी प्रवासाच्या बॅगेत मी लाल शाईचं पेन टाकतोच. हॉटेलांच्या मेनूकार्डावरचं शुद्धलेखन सुधारायला ते बरं पडतं. या खेपेला मात्र ते टाकताना आमच्या सौ.नी पाहिलं. "त्या पोरीची चूक कबूल करायला निघालात ना? मग लाल पेन कशाला?" असं त्यांनी विचारलं. पोरीची चूक नाही, माझी चूक, एवढी दुरुस्ती मी केली आणि गप्प चेन ओढली.

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे सत्तरीकडे झुकलेला माणूस पुण्याहून उठून वाशीम जिल्ह्यात कशाला कडमडला, ते कळेल. एकवीस वर्षांपूर्वी मी दहावीला विज्ञान शिकवत होतो. वर्गात वनिता नावाची मुलगी होती. तिचे वडील वाशीमकडचे, पुण्यात बांधकामावर पाया खणायला आलेले. पहिल्या सत्राच्या परीक्षेत मी प्रश्न घातला : तळ्यातल्या माशाने वर पाहिले, तर त्याला काय दिसेल? अपेक्षित उत्तर एका ओळीचं होतं. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, याला आपण अपवर्तन म्हणतो, त्यामुळे काठावरची वस्तू आहे त्यापेक्षा उंचावर दिसते. गाईडात तसंच होतं.

वनितानं लिहिलं होतं की, माशाला आभाळ परातीएवढं गोल दिसतं, काठावरची झाडं-माणसं त्या परातीच्या कडेला दाटून बसतात, परातीच्या कडेला रंगीत किनार असते आणि परातीबाहेर सगळा आरसा असतो, त्यात विहिरीचा तळ दिसतो. मी पाचापैकी शून्य दिलं. समासात लाल शाईनं 'कूपमंडूक' असं लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला तेव्हा विनोदी शिक्षक म्हणून मिरवायची खाज होती. ते उत्तर मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून पोरं तिला 'बेडकी' म्हणू लागली. दिवाळीला ती गावी गेली ती परत आलीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं, सईनं, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पोहण्याच्या तलावात बुडी मारून तिनं खालून वर कॅमेरा धरला होता. पडद्यावर एक लख्ख परात होती. काठावरची माणसं तिच्या कडेला दाटून उभी होती आणि परातीबाहेर तलावाची निळी फरशी उलटी टांगलेली दिसत होती. मी दोनदा पाहिलं, मग उठून कागद-पेन्सिल घेतली.

पाण्यातून हवेत निघालेला किरण फार तिरपा झाला, तर तो बाहेर पडतच नाही, पृष्ठभागावर आपटून पाण्यातच परत येतो. याचं नाव पूर्ण आंतरिक परावर्तन. पाण्यासाठी ती हद्द सुमारे एकोणपन्नास अंशांची. ही आकृती मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढली, बाण नेहमी खालून वर. तोच बाण उलटा फिरवला असता, तर बाहेरचं सगळं जग त्या हद्दीच्या आतच मावायला हवं आणि हद्दीबाहेर आरसाच उरायला हवा, हे मला दिसलं असतं. पंधरा वर्षांच्या पोरीनं ते लिहून दिलं होतं. मला रात्रभर झोप आली नाही म्हणत नाही, पण जेवण गेलं नाही हे खरं.

तिच्या वर्गातल्या एका मुलीकडून नंबर मिळाला. फोन केला. भेटायला येतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "काहून सर?" (का, कशासाठी). फोनवर सांगायची छाती झाली नाही. तुमचा वाशीम जिल्हा पाहायचाय, असं म्हणालो. ती हसली आणि दिवाळी झाल्यावर या, इहिरी (विहिरी) तेव्हा भरलेल्या आणि पाणी नितळ असतं, असं म्हणाली. विहिरीचा विषय मी काढला नव्हता.

वाशीमच्या स्टँडवर सकाळी उतरलो, तेव्हा हवेत छान गारवा होता. आलूबोंडा खाल्ला, सोबतच्या तिखट रश्शानं डोळ्यांत पाणी आलं आणि दुकानदाराला फार समाधान वाटलं. रिसोडकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मला पुढची जागा मिळाली. शेजारी मंगरूळपीरचे रहीमभाई होते. बांगड्यांचे व्यापारी, मांडीवर बांगड्यांचं खोकं असं धरलेलं, की ड्रायव्हरनं ब्रेक लावला की ते आधी खोक्याला सांभाळत आणि मग स्वतःला.

दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन. सोयाबीन निघालेलं, त्याच्या कुटाराचे (भुश्शाचे) ढीग वावरावावरात, आणि मध्ये पिवळ्या फुलांनी डवरलेली तूर. ऊन चढलं तसं पुढच्या सरळ रस्त्यावर पाणी चमकू लागलं. मी लगेच मास्तर झालो. डांबरालगतची हवा तापून विरळ होते, वरून येणारा किरण वाकत वाकत पुन्हा वर वळतो, आपल्याला दिसतो तो आभाळाचा तुकडा, असं सगळं रहीमभाईंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की त्यांनाही ते रोज दिसतं, फक्त त्याचं एवढं काम असतं हे माहीत नव्हतं.

कुणाकडे निघालो, हे त्यांनी विचारलं. वनिताचं नाव सांगताच त्यांचा चेहरा खुलला. "मोटरवाली वनिताबाई? माह्या वावरातली मोटर दोनदा काढली तिनं. तिच्यावानी बुडी मारणारं या भागात कोनी नाही." विहिरीत मोटर सुटून पडली की ही बाई दोर घेऊन तळाशी जाते, मोटरीला आकडा अडकवते, मग वरची माणसं ओढून घेतात. हे काम तिच्या वडिलांचं होतं, ते गेल्यावर ती करते. रहीमभाई कौतुकानं सांगत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. 'कूपमंडूक' हा शब्द मी किती सुबक अक्षरांत लिहिला होता, ते मला आठवत होतं.

फाट्यावर उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वनितानं नको म्हटलंय. नाहीतर पुण्याचे सारे मास्तर येतील, असं तिचं म्हणणं. ती स्वतः मोटारसायकल घेऊन आली होती. छत्तिशीची, दणकट, आवाज मोठा. पाया पडली, बॅग हिसकावून घेतली आणि मला मागे बसवून धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं) थेट शेतात नेलं. तिचे यजमान सोयाबीन घेऊन रिसोडला गेले होते आणि मुलगी अंकिता दुपारी शाळेतून येणार होती.

शेतात निंबाच्या झाडाखाली दगडी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या असलेली. पाणी पायऱ्यांच्या निम्म्यापर्यंत आलेलं आणि इतकं नितळ, की खालच्या पायऱ्या मोजता येत होत्या. मी विहिरीच्या कडेला उभा राहिलो आणि जीपमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू केलं. वनिता, तुला आठवत असेल नसेल, पण त्या वर्षी सहामाहीला...

तिनं मला मध्येच थांबवलं. "सर, तुमी सांगाले आले का पाहाले?"

 पोहता येतं का, असं तिनं विचारलं. लहानपणी नदीत पोहायचो, असं सांगितलं. मग तिनं माझ्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं आणि बुडी मारताना वापरायचा पोहण्याचा चष्मा माझ्या हातात ठेवला. उघड्या डोळ्यांनी सारं फिसकटलेलं दिसतं, ती म्हणाली. ते खरंच आहे. डोळ्याला पाणी थेट चिकटलं की बुबुळावर किरण हवा तसा वाकत नाही, मध्ये हवेचा पापुद्रा लागतो. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

बंडी-पायजम्यावर मी उतरू लागलो. पाण्याखालची पहिली पायरी अगदी वीतभर खोल दिसत होती. मी बिनधास्त पाय टाकला. पायरी तिथं नव्हतीच. ती आणखी चार बोटं खाली होती. तोल गेला, मी गपकन छातीपर्यंत पाण्यात बसलो आणि कमरेला दोर आवळला. आयुष्यभर अपवर्तन शिकवलेला माणूस, ग्लासातल्या पाण्यात नाणं वर आलेलं दाखवून टाळ्या घेणारा, आणि पायरीनं फसवला! मला हसू आवरेना. वरून वनिताही हसत होती.

"तीन हात दिसलं तं चार हात समजा, सर. बाबानं पयल्या दिवशी हेच शिकवलं."

मी पाण्यात उभा राहून ते मनाशी म्हणालो. तीन दिसले तर चार. पाण्याचा अपवर्तनांक चार छेद तीन. आमच्या पुस्तकात तो कोष्टकात असतो आणि त्याखाली दोन गणितं असतात. तिच्या वडिलांना तो पायांनी कळला होता.

पहिल्या बुडीला मी घाबरून डोळेच मिटले. मिटल्या डोळ्यांनी काय दिसणार, असं वरून ऐकू आलं. दुसऱ्या बुडीला श्वास भरला, पायरी धरली, डोकं खाली घेतलं आणि वर पाहिलं.

परात होती. डोक्यावर, गोल, लखलखीत. तिच्या कडेला निंबाचा शेंडा, विहिरीची दगडी कड आणि दोर धरून उभी असलेली वनिता, सगळी दाटीवाटीनं बसलेली. परात संपते तिथून आरसा सुरू. आरशात पायऱ्या उलट्या टांगलेल्या आणि त्यांवर दोन पांढरेफटक, सुरकुतलेले पाय. ते पाय माझेच आहेत, हे कळायला मला क्षणभर लागलं. मग श्वास संपला.

वर आलो तर धाप लागली होती. वनिता पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसली होती. तिनं विचारलं, काय दिसलं ते सांगा. मी सांगितलं. परात, दाटलेला काठ, आरसा, माझे पाय. तिनं नीट ऐकलं, आणि किनार पाहिली का, असं विचारलं. किनार मी पाहिलीच नव्हती. तेव्हा पुन्हा बुडी मारली. परातीच्या कडेला खरोखरच बारीक रंगीत रेघ होती, पांढरा प्रकाश सुटा होऊन सांडलेला. एकवीस वर्षांपूर्वी तिनं तेही लिहिलं होतं.

"तुझं उत्तर बरोबर होतं," मी पाण्यातूनच म्हणालो. "सगळं बरोबर होतं. मी चुकलो, आणि वर तुझी चेष्टा केली."

ती दोराची गुंडाळी करत राहिली. मग बोलली. त्या दिवाळीला ती वडिलांबरोबर गावी आली, कारण तिची आई आजारी होती. त्यात माझा काही दोष नव्हता. पण आई बरी झाली. "जानेवारीत बाबानं विचारलं, जाते का पुण्याले? मी नाही म्हणलं. मले ते बेडकी-बेडकी पुन्ना आयकाचं नव्हतं." एवढं म्हणून तिनं मला हात दिला आणि वर ओढून घेतलं. त्या हातात राग नव्हता. मला मात्र रडू आलं. तोंडावर विहिरीचं पाणी होतंच, त्यामुळे निभावलं.

तिनं रोडगे केले होते. म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडून त्यात तूप, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. अंग पुसून, तिच्या यजमानांचा सैल सदरा घालून मी निंबाखाली बसलो आणि तीन रोडगे हाणले. तेवढ्यात अंकिता आली. यंदा दहावीला. पुण्याचे सर म्हटल्यावर तिनं स्वतःहून विज्ञानाची वही आणून दाखवली. प्रकाशाचे अपवर्तन, प्रश्न तिसरा : पाण्याखालून पाहिल्यास काठावरची वस्तू कशी दिसते? खाली तिचं उत्तर, प्रत्यक्षापेक्षा उंचावर. माझंच वाक्य, शब्द न् शब्द.

मी विचारलं, तू कधी पाण्याखालून पाहिलंयस का? ती सात वर्षांची असल्यापासून याच विहिरीत पोहते. मग जे पाहिलंस ते का नाही लिहिलं? तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "माय म्हणते, पेपरात पुस्तकातलं लेहाचं. इहिरीतलं नाही."

 शून्य मी एकीला दिलं होतं, ते दुसरीपर्यंत पोचलं होतं. मी बॅगेतून लाल पेन काढलं, अंकिताला म्हटलं, पुढच्या पानावर इहिरीतलं लिही, मी तपासतो. ती अजून आईकडेच पाहत होती. वनितानं आरावर राख लोटली. मग म्हणाली, "लेह. सारं लेह. किनार विसरू नको."

पोरीनं पानभर लिहिलं, आकृती काढली. त्या आकृतीतले बाण वरून खाली येत होते. मी पेनचं टोपण काढलं, तेव्हा वनितानं हात पुढे केला. "पेन मले द्या, सर."

तिनं ते उत्तर सावकाश वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मग समासात मोठ्या अक्षरांत पाच आकडा काढला आणि खाली रेघ ओढली. शाळेतल्या सरांना हे पटलं नाही तर, असं मी म्हणालो. अंकितानं सांगून टाकलं, "त्याईले बी उतरवू मंग." यावर आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

परतीच्या जीपमध्ये रहीमभाई नव्हते, पण रस्त्यावरचं पाणी होतं. जवळ गेलं की ते नाहीसं व्हायचं. विहिरीतलं तसं नव्हतं, जवळ गेल्यावरच दिसलं. मी एवढी वर्षं गेलो नव्हतो, इतकंच.

दुसऱ्या दिवशी घरी सौ.नी बॅग रिकामी केली. ओला पायजमा निघाला, कागदात बांधलेले दोन रोडगे निघाले. त्यांनी सगळे कप्पे चाचपले.

"पेन कुठं विसरलात?"

विसरलो नाही, म्हटलं. ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांच्याकडे ठेवून आलो.