पिशव्या उचलेपर्यंत

अर्धी वाट सरली तरी दोघी जावा मागच्या गल्लीनंच चालत होत्या. बसस्थानकाला हमरस्ता जवळचा, पण तिथे गाड्यांच्या गोंगाटात थोरलीचं बोलणं कुठलं ऐकू यायला! घशाच्या ऑपरेशननंतर तिच्याजवळ नुसती कुजबुज उरली होती. धाकटी तिच्या तोंडाशी कान नेत चालायची.

हीच थोरली स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. लहानथोर सगळे तिला भोंगाताई म्हणत. घरात "जेवायला या" म्हणाली, की शेजारचेही हात धुवायचे. आता देवापुढेसुद्धा तिचे ओठ तेवढे हलत. "त्याला येतं गं ऐकू," ती म्हणायची. "त्याचं काही अडत नाही."

अडलं होतं ते प्रवाशांचं. तिच्या खोलीत संगणक आला. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, पुढे वाक्य लिहायचं, एंटर दाबलं की स्पीकरमधून एक परकी बाई बोलायची. पहिल्याच दिवशी त्या बाईनं गाव आणि फलाट एका दमात सांगून टाकलं. एक म्हातारा गावाचं नाव ऐकून पिशवी बांधायला वाकला. फलाट त्याच्या डोक्यावरून गेला, आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

"मी कशी सांगायचे?" थोरली चालता चालता म्हणाली. "गाव सांगितलं की खिडकीतून बघायचे. माणसं उठली, पिशव्या उचलल्या, की मग फलाट. त्या बाईला खिडकी कुठेय?"

म्हणून तिनं आज्ञेतला वेगाचा आकडा उतरवला. गाव एका आज्ञेत, फलाट दुसरीत. मधल्या वेळात ती एंटरवर बोट ठेवून बाहेर बघत बसे.

"म्हणजे लगाम घातलात की तिला," धाकटी म्हणाली.

"लगाम कसला! सवतीला नांदवतेय." थोरली हसली आणि हसता हसता खोकली.

पण नवे साहेब म्हणत होते, घोषणा घड्याळाला बांधून टाकू, त्यासाठी माणूस कशाला बसवायचा? आज ते स्वतः ऐकणार होते. आधी त्यांच्या पद्धतीनं, मग थोरलीच्या. गाडी पकडण्यात प्रवाशांना फरक पडला नाही, तर थोरलीची रवानगी गोदामात. तिथे टायरांखेरीज कुणी नाही.

"मी देवाला हात जोडूनच निघालेय, जाऊबाई."

"बरं केलंस. आता माझं एक काम कर."

थोरली कोपऱ्यावर थांबली. पुढे हमरस्ता, बोलणं इथंच संपवायला हवं होतं. तिनं हातातली पिशवी धाकटीकडे दिली.

"शेवटच्या बाकावर बस. डबा, शाल, औषधं, सगळं बाहेर काढून ठेव. दोन्ही वेळा गाव ऐकलंस की मगच भरायला घे, आणि म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश भर. माझ्या पाळीला गाडी चुकली, तर साहेबांना चुकली म्हणूनच सांग. मी घरची म्हणून सावरून घेऊ नकोस."