बाचा ‘बगर’

आमचा बा लढाईच्या वेळी फौजेत होता, ब्रह्मदेशात. परत आल्यावर घाटंजीजवळच्या आमच्या गावात तो मजुरी करू लागला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण एक शब्द त्याने तिकडून आणला होता. आम्हा भावंडांपैकी कोणी काही चांगलं केलं की म्हणायचा, “वा रे बगर!” एका जखमी सोबत्याला त्याने पाठीवर उचलून आणलं, तेव्हा गोरा सार्जंट त्याला हेच म्हणाला होता. मी मॅट्रिक झाले तेव्हा मलाही हा शब्द मिळाला.

पुढे यवतमाळला कॉलेजात गेले. मैत्रिणीला चांगले मार्क मिळाले म्हणून वर्गातच मी तिला कौतुकाने ‘बगर’ म्हटलं. इंग्रजीच्या सरांनी ते ऐकलं. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, “हे कुठे शिकलात?”

“वडिलांकडून.”

सरांनी जाडजूड शब्दकोशात ‘bugger’ हा शब्द काढून तो माझ्यापुढे सरकवला. “वाचा. आणि पुन्हा बोलू नका.”

पहिला, शरीरसंबंधातला घाणेरडा अर्थ वाचून मी पान झाकलं. दुसरा होता हलकट माणूस. तिसरा चक्क मायेचा, दोस्ताला म्हणतात तसा. खाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलं होतं: बल्गेरियाचा माणूस. तिथले काही लोक खरा धर्म सोडून गेले असं चर्चला वाटे, म्हणून पाखंडी. त्यांच्यावर त्या पहिल्या अर्थाचे घाणेरडे आळ घेतले गेले आणि त्यांच्या नावाचीच शिवी झाली.

आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. त्यावरून गावात आमच्याबद्दल काय काय बोलत, ते मी ऐकलेलं होतं. मी तो मजकूर तीनदा वाचला.

सुटीत घरी गेले तेव्हा बा अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्यांचे भारे बांधत होता.

“बा, बगर म्हंजे शिवी हाये. धरम सोडलेल्या लोकायले देत होते.”

त्याचे हात थांबले. “मंग सार्जंटानं मले काहून म्हटलं? तवा तं आपण बौद्ध झालोच नव्हतो.”

“त्याले ह्या शब्दाचं मूळ माहीत नसन. मायेनंबी म्हणतात, असं लिवलं हाये.”

“शिवी हाये का माया हाये, एक काय ते सांग.”

मी खाली बसून काड्या गोळा करून त्याच्या हाती देऊ लागले.

बरेच दिवस तो शब्द घरात आला नाही. मग धाकटी सातवी पास झाली. बाने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “म्हणू का व?”

“म्हण,” मी म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही.