लिंबापासून तीन घोंगड्या

आधीच सांगून टाकते… या सदरातले अनुभव वाचून "घ्या, अजून एकाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली" असं म्हणत हसणारी मीच. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई मी. सळई, सिमेंट आणि लेव्हलची नळी यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची वेळ आली नाही, आणि यावी असं वाटतही नव्हतं. आता मलाच हे लिहावं लागतंय याचा थोडा रागच येतोय. पण झालं ते झालं.

गोष्ट दोन हजार दोन-तीनच्या आसपासची. शिरूरला माझं छोटं ऑफिस होतं. घरांचे प्लॅन, गोठे, पोल्ट्रीच्या शेड, येईल ते काम घ्यायचे. एक दिवस न्हावऱ्याहून दत्ता नावाचा पस्तिशीचा गडी आला आणि म्हणाला, "मॅडम, समाधी बांधायचीय. फॅमिलीची." मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. धनगराचं घर. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरले, मग जमीन घेऊन स्थिरावले. त्यांच्यात माणूस गेलं की स्वतःच्या रानात पुरायची रीत. दत्ताच्या वडिलांना, म्हणजे आबांना, हातीपायी धड असतानाच आपल्या माणसांवर नीट छप्पर करायचं होतं आणि स्वतःची जागाही ठरवून ठेवायची होती.

मी साईटवर गेले. उसाच्या कडेला एक जुना लिंब, पुढं मोकळी पट्टी. बाप-लेकाचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. दत्ताला यवतजवळ हायवेला कुठंतरी बघितलेला घुमट हवा होता, शिवाय चकचकीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग आणि फोकस. आबा म्हणाले, "मेल्यावं मला लायटी कशाला? झोप लागायची न्हाई." मी मनात म्हटलं, या घरात माझं जमणार आहे ते आबांशीच. शेवटी काळ्या दगडाचा ओटा, चार खांब, वर साधी उतरती स्लॅब, चारी बाजू उघड्या — असं ठरलं.

पण खरी अडचण डिझाइनची नव्हतीच. आबांना त्यांच्या आईच्या शेजारची जागा हवी होती, आणि आई नेमकी कुठं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा आबा लहान होते. तिच्या उशाला तिचाच पाटा उपडा ठेवला होता. पुढं रान सपाट करताना ट्रॅक्टर फिरला, उंचवटे गेले, पाटा मातीखाली गेला. वडिलांच्या तोंडचं एक वाक्य तेवढं आबांना पाठ होतं, "लिंबापासून तीन घोंगड्या, उगवतीला." त्या हिशोबानं त्यांनी घोंगडी अंथरून मोजून घेतलं होतं. आम्ही तिथं हलक्या हातानं उकरलं. डावीकडं, उजवीकडं बघितलं. मुरूम लागला, पाटा काही लागला नाही.

"दुसरं कुणी सांगणारं नाही का?" मी विचारलं.

आबांनी उकरलेली माती हातानं सारखी केली. "आक्काला ठावं हुतं. माझी थोरली बहीण. पर ती न्हाई आता आमच्यात."

 आबांचा चेहरा बघवत नव्हता. ते म्हणाले, "ताई, आईच्या अंगावं खांब रोवला गेला तर? त्यापरीस बांधायलाच नको." काम तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, म्हटलं निदान लिंबाच्या मुळ्या कुठवर गेल्यात ते तरी बघू. दुपारची वेळ. गडी विहिरीकडं जेवायला गेलेले, आबा घरी. मी लिंबाखाली डबा उघडून बसले होते. बांधाच्या बाजूनं एक म्हातारी आली आणि माझ्यापासून थोडं अंतर ठेवून, पाय लांब सोडून जमिनीवर बसली. पांढरं सुती लुगडं — हो, पांढरंच, हसा. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, डाव्या कानाची पाळी तुटून दोन झालेली. मला वाटलं शेजारच्या वस्तीवरची असेल.

"काय हुडकताय गं बाय?"

"आबांच्या आईची जागा."

"मग तिकडं कुठं उकरलंय? तीन घोंगड्या हाय ती."

"तीनच मोजल्यात की," मी म्हटलं. माझ्या मोजमापात कुणी चूक काढली की मला सहन होत नाही.

"उलगडून मोजल्या असत्याल." ती हसली. "मयताची घोंगडी दुमडून धरत्यात. एक शेव मी धरला हुता, एक बापानं. दुमडल्याली धरून मोज."

मी डब्याचं झाकण लावून भाकरीचा तुकडा द्यायला वळले, तर ती नव्हती. त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. ऊस दोन पावलांवर होता, गेली असेल आत. खरंच सांगते, अंगावर काटा वगैरे काहीसुद्धा आला नाही.

आबा आल्यावर मी घोंगडी दुमडून मोजायला लावली. अंतर निम्म्यावर आलं, अगदी लिंबाच्या सावलीत. गड्यानं दोन हात उकरलं आणि फावडं टण्णकन वाजलं. पाटा होता. उपडा. गडी तो उलथायला गेला तसे आबा ओरडले, "हात लावू नगंस!" आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखे रडले. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" दत्तानं विचारलं. मी म्हातारीचं वर्णन केलं. तुटलेल्या पाळीपर्यंत आले तशी आबांनी मान वर केली.

"कंच्या कानाची?"

"डाव्या."

"करडानं वढली हुती… माझ्याम्होरं." आबा पुटपुटले. "आक्का."

आता मात्र मी म्हटलं, "आबा, त्या तर वारल्यात ना?"

"वारली कुठं? केडगावला हाय."

मग सगळं बाहेर आलं. आक्काला नवऱ्यानं टाकलं, बापानं घरात घेतलं नाही. ती केडगावच्या मिशनच्या आसऱ्याला गेली आणि पुढं तिथलीच, ख्रिस्ती झाली. बापानं तिचं नाव घरातून काढून टाकलं. 'आमच्यात न्हाई' याचा अर्थ एवढाच होता. आबांना तिला विचारायला जाता आलं असतं कधीही, चौफुल्यावरून तासाभराचा रस्ता. पण तोंड कुठलं दाखवायचं म्हणून ते गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जीप काढून आम्ही तिघं केडगावला गेलो. खाटेवर तीच बाई. तेच ठिपके, तोच कान. देखभाल करणाऱ्या बाईनं सांगितलं की खुब्याचं हाड मोडल्यापासून आक्का खाटेवरून उतरलेल्या नाहीत, दोन वर्षं होत आली. आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि "ही कोण?" म्हणून विचारलं. ओळखीची खूण म्हणून काही नाही.

मला राहवलं नाही. "आक्का, तुम्ही काल न्हावऱ्याला आला होता?"

"कशाला यीन?" त्या म्हणाल्या. "कुणी बोलीवलंय?"

आबांनी त्यांचे पाय धरले. पुढचं मी लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे.

परतताना आबा मला म्हणाले, "ताई, प्लॅनमधी आक्काची जागा काढा." दत्ता भडकला. "लेकीची जागा म्हायेरच्या समाधीत कधी असती का? आन् ती तर मिशनची. गाव काय म्हणंल?" आबा म्हणाले, "गावाला मी इचारलंय का?"

पण नको म्हणाल्या त्या आक्काच. आबांनी त्यांना जीपमधून रानात आणलं, चौघांनी खुर्चीसकट उचलून पाट्याजवळ ठेवलं. तिथं त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाय, झोपायला माझी जागा तिकडं हाय, माझ्या माणसांत. हितं मला बसायपुरती ठेव."

मग मी प्लॅन बदलला. सगळा ओटा लिंबाकडं सरकवला, मुळ्यांसाठी एक खांब आत घेतला आणि आईच्या शेजारी एक बुटका दगडी कट्टा काढला, पाठ टेकता येईल असा. पायरीही बुटकी ठेवली. दत्तानं तोंड वाकडं केलं, पण दगड त्यानंच निवडून आणला. बांधकाम झाल्यावर आक्का तीन-चारदा येऊन बसून गेल्या. पुढं त्या वारल्या, केडगावलाच त्यांना माती दिली. आबाही आता आईशेजारी आहेत.

मी खूप डोकं चालवलं. ऊन लागलं असेल म्हणावं तर घोंगडी दुमडायचं मला कोण सांगणार? आबांनाही ते माहीत नव्हतं. दुसरी कुणी म्हातारी म्हणावी तर आसपासच्या वस्त्यांवर मी स्वतः फिरून विचारलं, तसं कुणी नाही. आणि भूत म्हणायचं तर बाई जिवंत, खाटेवर, वर मलाच विचारतेय ही कोण म्हणून!

मागच्या वर्षी त्या बाजूला काम होतं म्हणून सहज डोकावले. दत्ताची मुलगी सासरहून आली होती. पिशवी खाली ठेवून ती आधी त्या कट्ट्यावर बसली, मग घराकडं गेली. दत्ता म्हणाला, "आमच्या समद्या पोरी आता आसंच करत्यात." त्या दुपारी माझ्यासमोर पाय सोडून कोण बसलं होतं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.