सून भरपूर वाढते

खुर्चीत बसायच्या आधी आबा दोन्ही खांदे झटकायचे, मग खुर्ची झटकायचे, मग बसायचे आणि बसल्या बसल्या विचारायचे, "काय जेवलीस आज?" हाय-हॅलो नाही, कशी आहेस नाही. मिरजेत स्टेशनजवळ त्यांची खानावळ होती. बायको रांधायची, हे वाढायचे. ती गेली, खानावळ बंद झाली आणि सतीशने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांना इथे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आणलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी त्यांची शेजारीण, आणि जवळच्याच दवाखान्यात नर्स.

"माणूस काय खातो ते त्याच्या तोंडावर दिसतं," आबा सांगायचे. पानावर कुणी "नको" म्हटलं की त्याला हमखास आणखी एक पोळी. "'नको' मला ऐकू येतं गं, पण वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नसतं."

पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या स्वतःच्या तोंडावर दिसायला लागलं. भुवयांत, नाकाच्या कडांना, कानांमागे लालसर चट्टे आणि त्यांवर पिवळट, तेलकट खपल्या. डोक्यातला कोंडा सदऱ्यावर सांडायचा. सुनेने, मृणालने, त्यांचा टॉवेल वेगळा केला, कप वेगळा केला आणि चिमुरड्या ईशाला आजोबांच्या मांडीवर बसायची बंदी केली. आबांनी हात पुढे केले की नात लांबूनच म्हणायची, "मम् सेड नो, आबा." आबा हात मागे घेत आणि पुन्हा खांदे झटकत. मला बघवत नसे.

सतीश-मृणाल पहाटे कामावर जात, संध्याकाळी येताना चिकन नाहीतर खिमा भरलेले मिन्स पाय घेऊन येत. आबा शाकाहारी. एकदा त्यांच्या हातून स्टोव्ह चालू राहिला, स्मोक अलार्म बोंबलला, तेव्हापासून स्टोव्हला हात लावायचा नाही. फोडणीचा वास कार्पेटला लागतो, म्हणून तीही बंद. उरलं काय, डोंबल! टोस्ट आणि चहा. सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट, रात्रीही टोस्टच. दारात बूट काढता काढता सतीश विचारी, "बाबा, जेवलात ना?" "जेवलो रे." झालं, संपलं मुलाचं कर्तव्य. शाम्पू आणि क्रीम मात्र महागातली आणायची!

मीच मागे लागून बापलेकांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "हा सेबोरिक डर्मटायटिस. एक यीस्ट सगळ्यांच्याच कातडीवर असतं, काहींच्या तेलकट कातडीला ते सोसत नाही. थंडीनं, ताणानं, अशक्तपणानं वाढतं. पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही, नातीला खुशाल मांडीवर घ्या." मग त्याने आबांच्या ओठांचे चिरलेले कोपरे पाहिले, लालभडक जीभ पाहिली. "याचं कारण वेगळं असावं. बी जीवनसत्त्वं, झिंक कमी पडलं तरी असं होतं. हे जेवतात काय?"

मी मराठीत विचारलं. आबांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं आणि ताठ बसले. "सांग त्यांना, सून भरपूर वाढते."

मी ते सांगितलं, आणि पुढे हेही सांगितलं की हे साफ खोटं आहे, हा माणूस टोस्टवर जगतोय. सतीशचा चेहरा पडला. डॉक्टरने क्रीम दिलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि डाळ, दूध, दाणे पोटात जाऊ द्या म्हणून बजावलं. माझा डबा सुरू झाला. आमटी-भात, उसळ, दाण्याची चटणी. हळूहळू ओठ भरून आले, चेहरा निवळला. एका रविवारी कुंपणावरून बघते तर ईशा आजोबांच्या मांडीवर! आबांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली, बिनखपलीची.

मग गणपतीत मंडळातल्या कुणीतरी सतीशला विचारलं, "तुझ्या वडिलांना शेजारीण जेवू घालते म्हणे?" दुसऱ्या दिवशी आबा डबा घासून, पुसून परत घेऊन आले. "उद्यापासून नको, पोरी."

"'नको' ऐकायचं नसतं, तुम्हीच म्हणता ना?"

"हे ऐक. खानावळवाल्याचा मुलगा बापाला जेवू घालत नाही, असं गावभर झालं तर माझा सगळा जन्म पाण्यात गेला. पोराचं नाव राहू दे."

मी भांडले, त्यांच्याशी आणि सतीशशीही. "ताई, आमच्या घरात नाक खुपसू नका," तो म्हणाला. गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्याच नाहीत. खपल्या परत आल्या, मांडी पुन्हा रिकामी झाली. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आबा गेले. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी जमलो. ऑकलंडमध्ये कावळा कुठला? गुरुजी म्हणाले, कुठलाही पक्षी चालेल. पिंडाशेजारी पान वाढलं होतं. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, वरणभातावर तुपाची धार. मृणालने स्वतः रांधलेलं, फोडणीबिडणी सगळं. पान ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच सीगल तुटून पडले आणि क्षणात पान साफ.

सतीशने डोळे पुसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, लगेच शिवले. बाबांचं काही राहिलं नव्हतं. तृप्त होऊन गेले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतीशवर होतीच, पण त्याहून जास्त आबांवर. मेल्यावरसुद्धा या माणसाने तेच सांगितलं: सून भरपूर वाढते.